शेवटच्या रविवारचे डॉक्टर

माझा जीव आमच्या डॉक्टरसाहेबांनी वाचवला. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं लिहिता लिहिता मी घाबरून भलतीकडे गेले तरी एवढं कागदावर राहील. ते पुढं विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पेपरात त्यांचे फोटो यायला लागले, लोक त्यांना सर म्हणायला लागले. सहावीतून शाळा सुटलेल्या बाईनं कुलगुरूंविषयी लिहायचं म्हणजे जरा जास्तच झालं. पण मला ते महाडच्या बाजारपेठेतल्या अरुंद दवाखान्यातले डॉक्टर म्हणूनच माहीत आहेत, आणि तेवढंच मी सांगणार आहे.

माझं माहेर परांड्याकडचं. तिथं पाणी दिसायचं ते विहिरीच्या तळाला. लग्न झालं आणि हे मला घेऊन महाडला आले, कारण औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहत होते आणि ह्यांना तिथं पिंपं हलवायचं काम लागलं होतं. एका मावशींच्या घरामागची खोली आम्ही भाड्यानं घेतली. मावशी एकट्या होत्या, बाजारात सुकी मासळी विकायच्या. पहिले काही दिवस त्या वासानं मला घास उतरेना. मावशी म्हणायच्या, "घाटावरची तू, तुला काय कळणार गो सोड्याची, सुक्या कोलंबीची चव." माहेर इतकं लांब की एसट्या बदलत बदलत जायचं, आणि कोणी आजारी पडल्याचं कळायचं ते माणूस बरं झाल्यावर नाहीतर गेल्यावर. त्यामुळं मला सारखी धास्ती असायची. इथं आपल्याला काही झालं तर आपलं कोण.

आणि झालंच. नळावरून हंडा घेऊन येताना छोटासा चढ होता, त्यात मला मधेच थांबावं लागायला लागलं. आधी वाटलं हवा ओली आहे, आपल्याला सोसत नाही. मग आडवं झालं की धाप लागायची, उशाला दोन्ही गोधड्या घ्याव्या लागायच्या. मावशी म्हणाल्या, "अंगात गारठा भरलाय तुझ्या. सवला चल. कढत पाण्यात बसलीस की मोकळी होशील." सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आम्ही गेलो. बायका कुंडात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारत होत्या. मी उतरले आणि डोळ्यांपुढं काळोख आला. दोघींनी मला दंडाला धरून वर ओढलं.  महिन्याचा शेवटचा रविवार आला तसं त्यांनी आपलं दुकान बंद ठेवलं आणि मला डॉक्टरांकडं नेलं.

त्या दवाखान्याची पद्धत अशी होती की नंबर माणसांनी नाही, वस्तूंनी लावायचा. ओट्यावर ओळीनं छत्र्या, पिशव्या, काठ्या, एका दगडावर ठेवलेला टॉवेल. माणसं समोरच्या झाडाखाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतली माणसं आदल्या दिवशीच उतरलेली असायची आणि स्टँडवर मुक्काम करायची. कशेडीकडचे ट्रकनं यायचे. एखादी म्हातारी डोलीतून आणलेली असायची. म्हातारे कंपाउंडर ओटाभर फिरत विचारायचे, "ही छत्री कोणाची? छत्रीला ताप आलाय काय? मग उचला, पेशंटला बसू द्या."

माझा नंबर आला तेव्हा डॉक्टर मनगटाला हातसुद्धा न लावता म्हणाले, "पिठाच्या गिरणीपर्यंत जा आणि परत ये. घाई करू नको."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मावशी म्हणाल्या, "जा गो. ते सगळ्यांनाच चालवतात." खरंच, ज्याला म्हणून चालता येतंय त्याला ते आधी गल्लीतून चालायला लावत, आणि स्वतः दारात उभे राहून बघत. माणूस कुठं थांबतो, भिंत धरतो का, परत येताना बोलतो का. त्यांचं अर्धं तपासणं तिथंच व्हायचं. मी गिरणीवरून परत आले तेव्हा भिंत धरूनच आले. मग त्यांनी नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"लहानपणी सांधे धरले होते?"

मी बघतच राहिले. सहावीत असताना माझे गुडघे सुजले होते, ताप उतरत नव्हता. शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. पुन्हा चालायला लागले तोवर वर्ष गेलं होतं, आणि वडील म्हणाले, आता पुरे. माझी शाळा अशी सुटली. हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"तेव्हाच हृदयाची एक झडप आखडली," ते म्हणाले. "अर्धवट लागलेल्या दारासारखी. रक्ताला पलीकडं जायला धडपडावं लागतंय." आणि मग हळूच, "दिवस गेलेत ना?"

मी मान खाली घातली. मावशी म्हणाल्या, "अगो, मला पण नाय सांगितलंस?"

डॉक्टर माझ्याशी बोलले ते सगळं मला समजेल असं बोलले. दिवस वाढतील तसं हृदयावरचं ओझं वाढेल. गोळ्यांवर निभावलं तर निभावू, नाही तर बाळ पोटात असतानाच ती झडप उघडावी लागेल. "कधी, ते तुझ्या चालण्यावरून मला कळेल. दर महिन्याला येऊन दाखवायचं. चुकवायचं नाही." मी कसली चुकवते? मी तर महिनाभर त्या रविवारवरच जगायला लागले. घरात काम करता करता मनातल्या मनात त्या गल्लीतून चालायचे.

ओट्यावर बसल्या बसल्या कंपाउंडरांकडून मला डॉक्टरांची सगळी हकीकत कळली. ते पोलादपूरकडच्याच एका वाडीत जन्मलेले. वडील वैद्य, त्यांनी महाडला ही खोली घेतली होती. मुलगा घाटावरच्या मोठ्या शहरात डॉक्टरी शिकला आणि तिथल्याच कॉलेजात शिकवायला लागला. वडील वारल्यावर सगळ्यांना वाटलं, खोली विकणार. त्यांनी विकली नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे, रविवारभर पेशंट बघायचे आणि शेवटच्या गाडीनं परत. प्राध्यापक झाले तरी आले. कॉलेजचे डीन झाले तरी आले.

"प्राध्यापक झाले तेव्हा आपण पेढे वाटले," कंपाउंडर सांगत होते. "डीन झाले तेव्हा बाजारपेठेत कमान केली. पण एक बघा बाई, पहिल्यांदा ते शनिवारी संध्याकाळी यायचे. मग रविवारी सकाळी यायला लागले. आता दुपारीच घड्याळ बघतात." आणि मग आपलं बोलणं आपल्यालाच न आवडल्यासारखे ते छत्र्या सारख्या करायला उठले.

माझं चालणं महिन्यागणिक आखूड होत गेलं. आधी गिरणी, मग सोनाराचं दुकान, मग त्याच्या अलीकडचा दिव्याचा खांब. डॉक्टर गोळ्या वाढवत होते आणि दारात उभं राहून बघत होते. एकदा म्हणाले, "पुढच्या वेळी बहुतेक तुला माझ्याबरोबरच घेऊन जावं लागेल. माझ्याच वॉर्डात ठेवीन. तयारी ठेव."

मी गाठोडं बांधून ठेवलं. आणि पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. कंपाउंडरांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं, साहेब कुलगुरू झाले, तिकडं कारभार हातात घ्यायचाय, ह्या महिन्याला जमणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. मग छत्र्या उचलून सगळे परत गेले.

तो महिना मला आठवतो तो बसून काढलेला. आडवं होताच यायचं नाही. पाय सुजून वहाणेत जाईनात. हे कारखान्यातली पाळी करून यायचे आणि माझ्यासमोर नुसते बसून राहायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा." मावशी धीर द्यायच्या, "कुलगुरू झाले म्हणजे आता त्यांच्यावर कोण डॉक्टर नाय. बरंच झालं तुला." सगळ्या ओट्याचा असाच समज होता. डीनच्या वरचा तो कुलगुरू, म्हणजे तेवढा मोठा डॉक्टर.

पुढच्या शेवटच्या रविवारी ते येणार हे नक्की झालं, आणि गावानं त्यांचा सत्कार त्याच दिवशी ठेवला. दुसरा दिवस कुठला ठेवणार? ते येतात तो तोच. पोलादपूरवाले म्हणाले, माणूस आमचा, आधी आमच्याकडं. म्हणून सकाळी त्यांची गाडी दवाखान्यावरून तशीच पुढं पोलादपूरला नेली. तिथं मिरवणूक, हार, शाळेतल्या पोरांची लेझीम. इकडं ओट्यावर छत्र्यांची रांग पायरीखाली आली होती. दुपार टळली तेव्हा ते महाडला आले आणि थेट मांडवात.

सत्कार समितीचे प्रमुख होते धान्याचे व्यापारी, शेठ. माणूस मनानं चांगला. तो ओट्याकडं आला आणि म्हणाला, "तुमच्यातल्या एकानं पेशंटांच्या वतीनं हार घालायचा. कोण येतंय?" कंपाउंडर म्हणाले, "अहो शेठ, ह्यांना साहेबांना दाखवायचंय, हार कसला घालताय?" शेठ म्हणाला, "मग तेच सांगतोय ना. स्टेजवर गेलं की आपोआप दाखवणं होईल." मावशींनी मला कोपर मारलं. "जा गो बाय. नायतर आज नंबर लागायचा नाय." हे कामावर होते. मी गेले.

मांडवात भाषणं चालली होती. तालुक्याचे एक मोठे पुढारी आले होते आणि त्यांचं बोलणं शेवटी होतं. माझ्या हातात झेंडूचा एवढा जड हार दिला. स्टेजला लाकडी पायऱ्या होत्या. पहिली चढले, दुसरी चढले. समोर डॉक्टर शाल पांघरून खुर्चीत बसले होते आणि हसत होते. मग त्यांचं हसणं थांबलेलं मला दिसलं. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, पायांकडं बघत होते. मी तिसऱ्या पायरीवर हार कठड्यावर टेकवला आणि मला श्वासच मिळेना. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं बाई लाजली.

डॉक्टर उठले, शाल खुर्चीवर टाकली आणि खाली आले. मला पायरीवरच बसवलं, पाय खाली सोडून. "कंपाउंडर, माझी बॅग." स्टेजच्या मागच्या पडद्याआड त्यांनी मला इंजेक्शन दिलं. माझ्या छातीत खळखळ वाजत होतं, ते मलाच ऐकू येत होतं.

शेठ आत आला. "साहेब, आता मुख्य भाषण व्हायचंय."

"होऊ द्या की."

"पण तुम्ही नसताना तुमच्यावर कसं बोलणार?"

"माणूस समोर नसला की स्तुती जास्त चांगली करता येते," डॉक्टर म्हणाले. "गाडी ह्या बाजूला घ्यायला सांगा."

पडदा जरा सरकला तेव्हा पुढारी मला दिसले. हातात कागद धरून ते रिकाम्या खुर्चीकडं बघत होते.

विद्यापीठाची पांढरी मोटार होती. मागं मी आणि मावशी, पुढं डॉक्टर, माझ्याकडं वळून बसलेले. दवाखान्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. ओट्यावरचे सगळे उठले. डॉक्टरांनी खिडकीतून हात जोडले. पोलादपूरकडचा एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "जावा साहेब. आमचं काय आजच मरण नाय."

घाट चढताना दर वळणाला मला वाटायचं, हे शेवटचं. मावशींनी मला छातीशी उभं धरलं होतं. मधेच त्या म्हणाल्या, "साहेब, आता तुम्हीच सगळ्यात मोठे डॉक्टर. मग कसली काळजी?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, कुलगुरू म्हणजे डॉक्टर नव्हे. कॉलेजं, परीक्षा, सह्या. वॉर्ड मी सोडला. ह्या महिन्यात मी एकाही माणसाची नाडी बघितली नाही."

 मला त्या धापेतही कळलं की आपण ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली तो माणूस आता आपल्याइतकाच दाराबाहेर आहे.

आणि तसंच झालं. दिवेलागणीला आम्ही इस्पितळात पोहोचलो. त्यांना बघून पोरसवदा डॉक्टर ताडकन उभे राहिले, पण वॉर्ड आता दुसऱ्यांचा होता.

"सर, बेड नाही."

"माझ्या वेळी तरी कुठं होता? खाली गादी घाल."

"आमच्या सरांना विचारावं लागेल, सर."

"विचार. मी बसतो."

आणि ते बसले. व्हरांड्यातल्या बाकावर, मावशींच्या शेजारी, जिथं पेशंटचे नातेवाईक बसतात. ज्या इस्पितळात त्यांच्या नुसत्या चाहुलीनं नर्सा पदर सारखे करायच्या, तिथं ते माझ्यासाठी कोणाची तरी वाट बघत बसले. जाळीच्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. मी काहीच करू शकत नव्हते आणि तेही काही करू शकत नव्हते. पण ते उठून गेले नाहीत. शेवटी मला गादी मिळाली.

ऑपरेशन करणारे डॉक्टर परगावी होते, ते येईतो थांबायचं होतं. हे दुसऱ्या दिवशी महाडहून आले, कारखान्यातल्याच कपड्यांत. डॉक्टर रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी यायचे. माझ्या पायथ्याशी उभे राहायचे, पण मला तपासायचे नाहीत. माझी डॉक्टर आता दुसरी होती, एक तरुण मुलगी, तिचा मान ते ठेवायचे. नुसतं विचारायचे, "कालच्यापेक्षा बरं?" मी हो म्हणायचे. खोटंच म्हणायचे. त्यांना कळायचं, आणि ते जरा वेळ जास्त उभे राहायचे.

पोटात बाळ असतानाच माझी झडप उघडली. शुद्धीवर आले आणि श्वास थेट तळापर्यंत गेला. सहावीत असल्यापासून असा श्वास मी घेतला नव्हता. पुढं मुलगी झाली, अशक्त, पण झाली आणि जगली.

महाडला परत आले तेव्हा बाजारात बायका माझ्याकडं बघून बोलायच्या. "हीच ती. हिच्यासाठी सभा मोडली." पुढाऱ्यांनी भाषण न करताच मांडव सोडला होता, आणि शेठची मोठी पंचाईत झाली होती. कोणी म्हणायचं, आपल्या माणसांना ओट्यावर टाकून घाटावरच्या बाईला गाडीत घातली. मावशी तराजू आपटून म्हणायच्या, "मग तू चढायची होतीस पायरी."

डॉक्टरांचे रविवार त्यानंतर हळूहळू बंदच झाले. महिने जायचे, एखाद्या रविवारी यायचे, पुढं तेही नाही. कंपाउंडर बरेच दिवस ओटा झाडून ठेवायचे.

मग पेपरात यायला लागलं की विद्यापीठात परीक्षांचे घोळ झालेत, विद्यार्थी संपावर आहेत. आमचे पुढारी तोवर वर मोठ्या जागेवर गेले होते. त्या वेळी कुलगुरूंच्या बाजूनं त्यांनी एक शब्द टाकला असता तर निभावलं असतं, असं महाडात लोक म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडं बघायचे. खरं काय ते मला कळणार नाही. एका सभेतून उठून गेल्याचा राग माणूस एवढा धरतो का, हे मी ह्यांना कितीदा विचारलं. हे म्हणायचे, "तू नको विचार करू, तुझ्या छातीला बरं नाही."

माझ्या तपासणीला एकदा त्या शहरात गेलो होतो तेव्हा मुलीला कडेवर घेऊन आम्ही विद्यापीठात गेलो. तिला त्यांच्या पायांवर घालायचं होतं. फाटकाशी पोरं घोषणा देत होती, राजीनामा द्या, राजीनामा द्या. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय काम?" मला सांगताच येईना. म्हटलं, "आम्ही त्यांचे पेशंट." तो हसला. "बाई, इथं पेशंट नाहीत." आम्ही उन्हात उभे राहिलो. त्यांची गाडी बाहेर आली तेव्हा पोरांनी तिला घेरलं, काचेवर हात मारले. मी मुलीला उंच धरलं. काचेआड ते समोर बघत बसले होते. त्यांना ती दिसली नाही.

मुदत संपायच्या आतच त्यांनी पद सोडलं. मग कंपाउंडरांकडून एवढंच कळलं की ते आपल्या लेकीकडं राहायला गेले, लांब, दुसऱ्या राज्यात. त्यांच्या पत्नीला, बाईसाहेबांना, अर्धांगवायू झालाय आणि सगळं त्यांचं तेच करतात. पुन्हा दवाखाना काढला नाही. हात थरथरतो म्हणे.

मी त्यांना काय देणार? माझ्याकडं शिक्षण नाही, ओळख नाही, चार माणसांत बोलायचं धैर्य नाही. पण मला स्वयंपाक येतो. आजारी माणसाला कुशीवर वळवता येतं, अंग पुसता येतं, भरवता येतं, आणि त्याच्याशेजारी न कंटाळता बसता येतं. कंपाउंडरांना मी पत्ता मिळवायला सांगितलंय. मुलगी जरा हाताशी आली की मी जाणार. ते नको म्हणतील, संकोचतील, तरी मी पिशवी ठेवून सरळ आत जाईन आणि बाईसाहेबांचं सगळं करीन, त्यांना हवे तितके दिवस. ह्यांना सांगून ठेवलंय. हे म्हणाले, जा.